अकरा घरांचे गणपती

निवृत्त माणसाला एखादा छंद असावा, असं ज्यानं कुणी पहिल्यांदा म्हटलं, त्याच्या घरी पाणी रोज येत असणार.

आमच्या सिडकोत ते कधी सातव्या दिवशी येतं, कधी नवव्या, आणि कधी यायचं हे पाण्याशिवाय कुणालाच माहीत नसतं. त्यामुळे माझ्या घरात कुठला ड्रम कशासाठी हे ठरलेलं आहे. निळा भांड्यांचा, हिरवा कपड्यांचा, आणि झाकणाला दोरी बांधलेला पांढरा फक्त अडीअडचणीचा. तशी चिठ्ठी प्रत्येक ड्रमवर चिकटवलेली आहे. (हसू नका. ज्यांच्याकडे चिठ्ठ्या नाहीत, ते आठव्या दिवशी बादली घेऊन माझ्याच दारात उभे असतात.) तर मे महिन्याच्या शेवटी माझे यजमान प्रभाकरराव निवृत्त झाले, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी शाळेच्या ऑफिसातून घरी येऊन बघते, तर अडीअडचणीच्या ड्रमात चाळीस किलो शाडू माती भिजत पडलेली.

"ही अडचण कुणाला आली?" मी विचारलं.

"अगं, माती मुरावी लागते," प्रभाकरराव म्हणाले. "माणसासारखंच आहे ते."

तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं की प्रकरण फक्त मातीवर थांबणार नाही, त्यात विचारही येणार आहेत.

प्रभाकररावांनी वाळूजच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं तपासणी विभागात काढली. काम असं की, मोटारसायकलचा सुटा भाग हातात घ्यायचा, मापाच्या साच्यात घालून बघायचा. बसला तर पुढे, नाही बसला तर त्याला लाल चिठ्ठी बांधून बाजूला. बत्तीस वर्षांत त्यांच्या हातून एकही सदोष भाग पुढे गेला नाही, असं ते स्वतः सांगतात आणि निरोप समारंभात इतरांनीही सांगितलं. निवृत्त होताना कारखान्यानं त्यांना घड्याळ दिलं आणि त्यांनी स्वतःहून लाल चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा आणला. पहिल्या आठवड्यात त्यातली एक माझ्या पोळ्यांच्या डब्याला लागली. दुसरी माझ्या किराणा यादीला, कारण त्यात मीठ दोनदा लिहिलं होतं. (एक साधं, एक सैंधव. हे बत्तीस वर्षं मोटारसायकली तपासणाऱ्याला कसं कळणार?) त्या रात्री मी पुण्याला गौरीला, म्हणजे आमच्या मुलीला, फोन करून सांगितलं की एक तर बाबांना काहीतरी काम शोध, नाहीतर मी माझ्या उरलेल्या सहा वर्षांच्या नोकरीत शाळेतच राहायला जाते. तिनं फोनवरच गणपती करायला शिकवणाऱ्या पाच दिवसांच्या वर्गात त्यांचं नाव घातलं.

पाच दिवसांनी ते परत आले ते एक नमुना मूर्ती घेऊन. ती तिथल्या सरांनी स्वतःच्या हातांनी केलेली, नऊ इंचांची, डाव्या सोंडेची, फार देखणी मूर्ती होती. ती बघून काम करायचं आणि गणपती झाले की जशीच्या तशी परत द्यायची, अशी अट. पहिल्याच दिवशी प्रभाकररावांचं कोपर लागून तिच्या कानाची कड उडाली. त्याच दिवशी स्वयंपाकघराच्या ओट्यावर, फ्रिजच्या मुठीवर आणि गव्हाच्या पिठाच्या डब्यावर मातीची बोटं उमटली होती. मी बसले आणि यादी केली.

ती यादी स्वयंपाकघराला लागून असलेल्या मागच्या गॅलरीच्या दारावर लावली, प्लास्टिकचं आवरण घालून, म्हणजे माती लागली तर पुसता येईल. मातीचं काम फक्त गॅलरीत. बसायचं ते भिंतीकडे तोंड करून, म्हणजे शिंतोडे भिंतीवर जातील, कपड्यांवर नाही. माती स्वयंपाकघरात येणार नाही. नमुना मूर्ती गॅलरीत जाणार नाही. ती फ्रिजवर राहील, पारदर्शक डब्यात. पाणी दिवसाला दोन तांबे. मला आजही या यादीत काही चुकीचं दिसत नाही.

आणि मग कारखाना सुरू झाला! मी नऊ वाजता शाळेत जायचे तेव्हा हे गळ्याला मानेचा पट्टा लावून पाटावर बसलेले असायचे (बत्तीस वर्षं खाली वाकून बघितल्यामुळे मान आखडली आहे, वळतच नाही), आणि सहाला यायचे तेव्हा तिथंच. मध्ये फक्त माती वाढलेली असायची. आइसक्रीमच्या काड्यांचे त्यांनी साचे केले: कानापासून कानापर्यंत एक, पोटाला एक, मुकुटाला एक. मूर्ती झाली की तिला काड्या लावून बघायच्या. सूतभर फरक आला की लाल चिठ्ठी, आणि मूर्ती परत ड्रमात. जुलैअखेरपर्यंत त्यांनी चौदा गणपती केले आणि तेरा मोडले. मी म्हटलं, अहो, देव आहे तो, नट-बोल्ट नाही. तर म्हणाले, देव आहे म्हणूनच.

पण माती परवडली. माझी सहनशक्ती संपवली ती त्यांच्या वहीनं. कारखान्यातली जाड पुठ्ठ्याची नोंदवही, वरती 'दोष निरीक्षण' असं छापलेलं, त्याच्याखाली आता यांनी पेनानं लिहिलं होतं: 'आयुष्यावरील चिंतन'. रोज जेवताना त्यातलं एक चिंतन मला ऐकवायचे.

"माती हातात घेतली की कळतं, आपणही..." एवढं वाचून ते थांबले.

"आपणही काय?"

"पुढचं अजून सुचलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी सुचलं. आपणही भिजलो तर घडतो, असं ते होतं. मी म्हटलं, मी आत्ता ओट्याशी उभी राहून घामानं पुरेशी भिजले आहे, तेव्हा जरा ताटं घ्या. त्यांनी ताटं घेतली आणि परत येऊन 'ताट' या विषयावर चार ओळी लिहिल्या.

आता माझी चूक सांगते. वरच्या मजल्यावरच्या पाटील वहिनी जिन्यात भेटल्या आणि मला म्हणाल्या, बिचारे भाऊजी, रिटायर झाल्यावर पुरुषांचं फार अवघड होतं हो, दिवसभर नुसते घरात. त्या 'बिचारे'चा मला असा काही राग आला! सकाळपासून मीच त्यांना मनात दहा वेळा बिचारे सोडून काय काय म्हटलं होतं, पण ते मी. मी तिथंच, जिन्यात, एका हातात भाजीची पिशवी धरून सांगून टाकलं की आमच्याकडे यंदा गणपती तयार होताहेत, मागणी एवढी आहे की पुरवणं अशक्य झालंय, तरी तुमच्यासाठी एक राखून ठेवते.

मागणी शून्य होती. ती आता मला तयार करावी लागली. मी नातेवाइकांच्या ग्रुपवर आणि आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर निरोप टाकला: घरचा गणपती, शुद्ध शाडूचा, तुमच्या आवडीच्या रंगाचं पीतांबर. संध्याकाळपर्यंत दहा नावं आली. पहिलं माझ्या थोरल्या नणंदेचं, फुलंब्रीकडच्या गावात राहणाऱ्या आक्कांचं. दुसरं पाटील वहिनींचं. एक वाळूजच्या गायकवाडांचं, ते यांच्या हाताखाली होते, अजून नोकरीत आहेत. दहा ती आणि अकरावा आमचा. मी नवीन वही काढली, रकाने आखले: नाव, उंची, मुकुट, पीतांबराचा रंग, सोंड डावीकडे, नेण्याची वेळ. प्रभाकररावांना वही दाखवली तेव्हा ते बराच वेळ त्या नावांकडे बघत बसले. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. त्या रात्री चिंतन झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून माणूस पहाटे पाचला पाटावर.

मूर्तीचे फोटो मात्र कुणाला पाठवायचे नाहीत, हे त्यांनी बजावलं. प्रतिष्ठापनेआधी देवाचं तोंड झाकून ठेवतात, मोबाइलवर फिरवत नाहीत. इतक्या वर्षांत त्यांचं एवढं एकच म्हणणं मला लगेच पटलं. (पटायला नको होतं!) रंग शहागंजमधून आणले. एकूण सव्वीस मूर्ती झाल्या, पंधरा मोडल्या, अकरा काड्यांच्या परीक्षेतून पार झाल्या. त्या गौरीच्या खोलीत पलंगावर रांगेनं बसल्या, आणि मग मी वही घेऊन शेवटची तपासणी केली. प्रत्येक मूर्तीसमोर उभी राहिले. उंची, बरोबर. मुकुट, बरोबर. पीतांबर, बरोबर. सोंड डावीकडे. माझा डावा हात, ज्यात घड्याळ असतं, त्या बाजूला सोंड. बरोबर. हिरव्या पेनानं अकरा खुणा केल्या आणि अकरा तोंडांवर अकरा स्वच्छ रुमाल टाकले.

हरतालिकेच्या दिवशी दुपारी चारपासून मूर्ती न्यायच्या होत्या. प्रत्येक घराला मी दहा-दहा मिनिटांची वेळ दिली होती. माझा निर्जळी उपवास होता. हरतालिका कशासाठी करतात हे तुम्हाला माहीतच आहे. असाच नवरा मिळावा म्हणून. हे पुढचं वाचताना कृपया लक्षात ठेवा.

आक्कांची वेळ चारची होती, त्या अडीचला आल्या. प्रभाकररावांनी नवा शर्ट घातला होता, मानेचा पट्टा काढला होता. त्यांनी आक्कांना खोलीत नेलं आणि पहिला रुमाल उचलला. आक्कांनी हात जोडले, डोळे मिटले, उघडले, आणि डोकं एका बाजूला कलतं केलं.

"प्रभ्या, ह्याची सोंड कुकडं हाये रं?"

"डावीकडे," मी म्हटलं, कारण वही माझ्या हातात होती.

"कुणाच्या डावीकडं?"

"माझ्या..." मी म्हटलं, आणि तिथंच थांबले.

देवाचं डावं म्हणजे समोर उभ्या राहणाऱ्याचं उजवं. हे तिसरीतल्या पोराला कळतं. मला बावन्नाव्या वर्षी, उपाशीपोटी, नणंदेसमोर कळलं. आक्कांनी पटापट बाकीचे दहा रुमाल उचलले. अकरा गणपती, एका मापाचे, एका तोंडवळ्याचे, आणि अकराही उजव्या सोंडेचे! आक्का दोन पावलं मागं सरकल्या.

"आरं देवा. एक बी डाव्या सोंडेचा नाय? उजव्या सोंडेचा लई कडक असतोय रं. सोवळं लागतंय, येळ चुकली की संपलं. आमच्या घरात दोन म्हशी, चार नातवंडं, कोण पाळणार?"

दुसरा कुणी माणूस असता तर त्यानं डोक्याला हात लावला असता. प्रभाकररावांनी खुर्ची ओढली आणि शांतपणे बसले. कारखान्यात काही बिघडलं की पाच वेळा 'का' विचारायचं, पाचव्याला मूळ कारण सापडतं, अशी त्यांची पद्धत आहे. ते स्वतःलाच विचारू लागले. सोंड उजवीकडे का गेली? मला नमुन्यात तशी दिसली म्हणून. तशी का दिसली? आरशात बघत होतो म्हणून.

"कुठल्या आरशात?" मी विचारलं.

ते आम्हाला गॅलरीत घेऊन गेले. कपडे वाळत घालायच्या नळीला आमच्या जुन्या स्कूटरचा आरसा पान्यानं आवळून बसवला होता. तो मी तीन महिने रोज बघत होते. मला वाटलं होतं, निवृत्तीनंतर माणूस स्वतःकडे बघायला लागतो म्हणतात, ते हेच असणार. म्हणून मी बोलले नव्हते! चांगुलपणाचे हे परिणाम.

"आरसा का लावला?" प्रभाकरराव पुढे म्हणाले. "कारण नमुना पाठीमागं होता आणि माझी मान वळत नाही. पाठीमागं का होता? कारण तो फ्रिजवर होता."

पाचवा 'का' आक्कांनी विचारला.

"फ्रिजवर कशापायी ठिवला व्हता?"

प्रभाकररावांना तीस वर्षांच्या संसाराचा अनुभव आहे. त्यांनी फक्त गॅलरीच्या दाराकडे बघितलं. तिथं माझ्या अक्षरात, प्लास्टिकच्या आवरणात, अजिबात माती न लागता, मूळ कारण लटकत होतं.

मला जो राग आला तो सांगता येणार नाही, कारण तो कुणावर काढायचा हेच कळेना. तरी मी प्रयत्न केला. म्हटलं, बत्तीस वर्षं तपासणी केलीत, अकरा मूर्तींना काड्या लावल्यात, कानाला, पोटाला, मुकुटाला. एकदाही मूर्ती नमुन्याशेजारी ठेवून बघावी असं वाटलं नाही?

"माती स्वयंपाकघरात यायची नाही आणि नमुना गॅलरीत जायचा नाही," ते म्हणाले. "त्या दोघांची भेट व्हायची कुठं?" मग माझ्या हातातल्या वहीकडे बघून हळूच म्हणाले, "आणि शेवटची तपासणी माझी नव्हती."

हिरव्या पेनाच्या अकरा खुणा. आक्कांनी वही हातात घेतली, लांब धरून बघितली आणि परत दिली.

चार वाजले. माझ्या वेळापत्रकाप्रमाणे दहा-दहा मिनिटांनी माणसं येऊ लागली आणि दहा-दहा मिनिटांनी मी तेच ऐकू लागले. गायकवाड पहिली शिफ्ट करून वाळूजहून थेट आले होते, मोटारसायकलला मागं खोका बांधून, खोक्यात मऊ गादी घालून. त्यांनी मूर्ती बघितली आणि पायातल्या मोज्यांसकट दारातच थबकले.

"साहेब, काम एक नंबर. पण हे आमच्याकडं झेपायचं नाय. घरात एक कुत्रं, दोन पोरं, अन् पुढल्या हप्त्यात माझी तिसरी शिफ्ट."

"मग बाजारातून दुसरी आणा," मी म्हटलं. "संध्याकाळपर्यंत दुकानं उघडी आहेत."

"नाय वहिनी, ते तर त्याहून वाईट. ही मूर्ती माझ्या नावानं घडलीय. तिला सोडून दुसरी नेली, तर हा देव सोडंल का मला?"

हे सगळ्यांचंच झालं. कडक देव म्हणून घरी नेता येईना, आणि कडक देव म्हणून नाही म्हणता येईना! पाटील वहिनी तर पदर डोक्यावर घेऊन खोलीच्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, तुम्ही राखून ठेवला होतात ना, तो राखूनच ठेवा. साडेपाचपर्यंत दहा घरची माणसं माझ्या हॉलमध्ये खाली मान घालून बसली होती. उद्या सकाळी गणपती बसायचे, आणि दहा घरांतले पाट रिकामे. माझ्या शब्दावर.

या गडबडीत प्रभाकरराव कुठं दिसेनात. मी गॅलरीत गेले. ते लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन बसले होते. अकरा चिठ्ठ्या दोऱ्यात ओवून तयार होत्या, पांढऱ्या ड्रमाचं झाकण उघडं होतं, आणि आमची स्वतःची, निळ्या पीतांबराची मूर्ती त्यांच्या मांडीवर होती.

"सगळे परत मातीत," ते म्हणाले. "लोकांना सांग, प्रभाकरला जमलं नाही. सरांचा नमुना मी उद्या देऊन येतो. आता पुन्हा हे नको."

ते रागानं म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं. पण ते ज्या आवाजात सुट्या भागाचं माप सांगायचे त्याच आवाजात म्हणाले. मग उरलेला सगळा राग माझ्याच वाट्याला आला.

"ठेवा ती मूर्ती खाली," मी म्हटलं. "पंधरा मोडल्यात तेव्हा मी एक शब्द बोलले नाही. (बोलले होते.) हे अकरा तुमच्या एकट्याचे नाहीत. यातली अर्धी चूक माझी आहे, ती मला विचारल्याशिवाय मोडायची नाही."

त्यांनी मूर्ती खाली ठेवली. मागं आक्का उभ्या होत्या. त्या आम्हा दोघांकडे बघत नव्हत्या. त्या दारावरची यादी वाचत होत्या. मग त्यांनी ड्रमांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या. मग स्वयंपाकघरात जाऊन कपाटाच्या दाराच्या आतली आठवड्याची यादी वाचली आणि कॅलेंडरवरच्या पाण्याच्या खुणा बघितल्या. परत आल्या त्या सरळ हॉलमध्ये गेल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "कडक देवाला काय लागतंय? येळेवर पूजा, सोवळं, हयगय नको, कुणी बिनआंघोळीचा आत यायचा नाय. आमच्या-तुमच्या घरात हे व्हायचं नाय. पन हितं तर ते रोजच चालतंय. आपापली मूर्ती हितंच बसवा. घरात पाटावर सुपारी मांडा."

हॉलमध्ये बसलेल्या दहा घरांनी एकदम माना वर केल्या. मला कुणी विचारलं नाही. मी आमच्या गुरुजींना फोन लावला, या आशेनं की ते तरी नाही म्हणतील. ते फार घाईत होते. म्हणाले, एका घरात अकरा असं मी कधी ऐकलं नाही, पण करू नये असंही माझ्या वाचनात नाही, आणि फोन ठेवला.

तेव्हा मी पुन्हा वही काढली. दहा दिवस निभावायचे तर नीट निभावायचे. सकाळची आरती सव्वासात, संध्याकाळची साडेसात. आंघोळ करून, धुतलेले कपडे. चपला जिन्यात रांगेत, मोबाइल दाराजवळच्या टोपलीत. नैवेद्य रोज एका घराकडे, पदार्थ मी ठरवून दिलेला, कांदा-लसूण नाही. आरतीचं पाणी ज्याचं त्यानं आणायचं. सव्वासातला दार बंद. हे सगळं छापून मी दहा घरांना दिलं.

आणि खरंच निभावलं! हॉलमधला सोफा गच्चीवर गेला, भिंतीला लावून अकरा पाट मांडले, त्यांवर अकरा गणपती, सगळ्यांच्या सोंडा एका दिशेला, जणू कुणी हुकूम दिलाय. तिसऱ्या शिफ्टहून परस्पर आलेल्या गायकवाडांना मी दारातून परत पाठवलं. ते पाटलांकडे आंघोळ करून आले. पाटील वहिनींच्या खिरीत वेलदोडा कमी होता, ते मी नोंदवून ठेवलं. चौथ्या दिवशी सव्वासातनंतर आलेली तीन घरं जिन्यात उभी राहून आरती म्हणत होती, आणि आतल्यांपेक्षा त्यांचा सूर चांगला लागला होता. आक्का दहाही दिवस मुक्कामाला होत्या. रोज पहाटे सगळ्यांत आधी आंघोळ करून बसायच्या आणि मी खोलीतून बाहेर आले की पदर सावरायच्या.

प्रभाकररावांचं काय सांगू? आरती झाली की प्रसाद वाटेपर्यंत दार मी उघडत नसे, त्यामुळे दहा घरची माणसं बसलेली, आणि समोर हे, नवा शर्ट घालून, हातात 'आयुष्यावरील चिंतन'. रोज दोन पानं. ज्याचं मी कधी पुरतं ऐकून घेतलं नाही तो माणूस आता दिवसातून दोन वेळा तीस जणांना ऐकवत होता. लोक मूर्तींजवळ जाऊन बघायचे, कानाची कड कशी काढली, डोळे कशानं रंगवले ते विचारायचे, आणि हे मान वळवून, म्हणजे अख्खे वळून, सांगायचे. लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यांनी मुकाट्यानं रद्दीत दिला. आयुष्यात मी पहिल्यांदा न विचारता काही रद्दीत जाऊ दिलं.

विसर्जन आमच्या बिल्डिंगच्या अंगणातच केलं, प्रत्येक घरानं आणलेल्या पाण्यात. माती खाली बसली तसे सगळे हळवे झाले. त्या भरात मी पुढच्या वर्षाची वही उघडली आणि या वेळी 'सोंड' हा रकाना ज्याचा त्यानं भरावा म्हणून पेन फिरवलं. वही परत आली तेव्हा मी थक्क झाले. दहाच्या दहा घरांनी लिहिलं होतं: उजवी. आणि पुढे, नेण्याची वेळ या रकान्यात: आदल्या दिवशी, घरी नेणार.

प्रभाकररावांनी लगेच विचारलं की मग स्कूटरचा आरसा तसाच ठेवायचा ना, कारण सरांचा नमुना पुन्हा डाव्या सोंडेचाच मिळणार. मी हो म्हटलं. दहा दिवसांत आमच्यामुळे लोकांची श्रद्धा केवढी वाढली, ज्या देवाला आदल्या आठवड्यात उंबऱ्यातून भीत होते, त्याला आता घरी न्यायला निघाले, असं मी आक्कांना म्हटलं. विचारलं, आक्का, एवढ्यात भीती गेली कशी हो सगळ्यांची?

आक्का निघायच्या तयारीत होत्या. त्यांनी पिशवीची गाठ मारली, मी कुठं उभी आहे ते बघितलं, आणि दाराच्या बाहेर पाऊल टाकल्यावर मगच बोलल्या.

"भीती कुटं गेलीय? देव कडक हायेच. पन त्यो सव्वासातला दार लावून घेत नाय."

जिन्यात पाटील वहिनी मोठ्यानं हसल्या. मला भयंकर राग आला. मी बसले, वही उघडली, आणि आक्कांचं नाव पहिल्या नंबरवरून खोडून दहाव्यावर लिहिलं.